माधानचा गुलाब आणि कॉलेजच्या वाटेवरचे आवाज

१/१३
साल १८९६. अमेरिकेतील केंब्रिजच्या एका शाळेत सोळा वर्षांची मुलगी दाखल झाली. तिला दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. शाळेत येण्याचा हेतू एकच होता, तो म्हणजे रॅडक्लिफ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेची तयारी. ही मुलगी म्हणजे हेलन केलर. त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यातील माधान गावच्या पंधरा वर्षांच्या एका अंध मुलाचे लग्न झाले. त्याचे नाव गुलाब मोहोड. आजचा धागा त्याच्याविषयी आहे, आणि त्याला कधीच न लाभलेल्या शाळेविषयी.

२/१३
गुलाबचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी येथे, आजोळी झाला. घर शेतकऱ्याचे. वयाचे पहिले वर्ष पुरे होण्याआधीच त्याची दृष्टी गेली. चार वर्षांचा असताना आई गेली आणि पुढची काही वर्षे तो आजीजवळ वाढला. पुढे महाराष्ट्र त्याला ‘प्रज्ञाचक्षू श्री गुलाबराव महाराज’ म्हणून ओळखू लागला. परंतु संत होण्यापूर्वी तो एक विद्यार्थी होता, हे आपण सहसा विसरतो.

३/१३
त्या काळी वऱ्हाडातील मुलाची कॉलेजची वाट कशी होती? अमरावती किंवा अकोल्याच्या सरकारी हायस्कुलात शिकायचे, मॅट्रिक व्हायचे आणि मग रेल्वेने नागपूर, मुंबई अथवा पुणे गाठायचे. या वाटेवरचा प्रत्येक टप्पा डोळ्यांनी वाचण्यावर आणि हाताने लिहिण्यावर बेतलेला होता. अंध मुलाला दाराशी कोणी अडवत नसे. कारण तो त्या दारापर्यंत येईल अशी कल्पनाच कोणी केली नव्हती.

४/१३
भारतातील पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली, मुंबईत १९०० मध्ये. लुई ब्रेलने आपली लिपी १८२९ मध्येच प्रसिद्ध केली होती. पण भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ ठरायला १९५१ साल उजाडले. म्हणजे गुलाब शिकण्याच्या वयाचा होता तेव्हा माधानच्या आसपास त्याच्यासाठी शाळाही नव्हती आणि बोटांनी वाचता येईल असे मराठी पुस्तकही नव्हते.

५/१३
मग तो शिकला कसा? ऐकून. कीर्तन, पुराण, भजन आणि पाठांतर ही आपल्या खेड्यांतील जुनी विद्यापीठेच होती. पण गुलाबराव तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्याला अक्षर येते त्याला ते ग्रंथ वाचून दाखवायला लावीत. वेदान्त, भक्तिशास्त्र, आयुर्वेद यांपासून डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांपर्यंत त्यांनी विचार केला आणि त्यांची मीमांसा केली. हे सारे त्यांच्यापर्यंत दुसऱ्याच्या आवाजातून पोहोचत होते.

६/१३
लेखनाचेही तसेच. ते सांगत आणि शिष्य लिहून घेत. मराठी, संस्कृत आणि हिंदी मिळून सव्वाशेहून अधिक लहानमोठ्या रचना त्यांच्या नावावर आहेत. प्रवासातही त्यांच्याबरोबर ग्रंथांच्या पेट्या असत, असे चरित्रकार नोंदवतात. त्यांनी स्वतःची एक सांकेतिक भाषा आणि लघुलेखनाची पद्धतही रचली होती. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस होते.

७/१३
आता या आयुष्याकडे शिक्षणाच्या इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहू. वाचून दाखवणारा वाचक, लिहून घेणारा लेखनिक, सोबतचे ग्रंथालय आणि मजकूर झपाट्याने टिपण्याची पद्धत ही त्यांच्या अभ्यासाची चार अंगे होती. आजचे विद्यापीठ दिव्यांग विद्यार्थ्याला ज्या सोयी देऊ पाहते, त्या जवळजवळ याच आहेत. माधानच्या तरुणाने त्या स्वतःच उभ्या केल्या. कोणती पोथी, कोणाच्या तोंडून आणि कोणत्या क्रमाने ऐकायची, याची जुळवाजुळव त्यालाच करावी लागत होती.

८/१३
तिकडे हेलनचे काय झाले? १८९७ च्या पहिल्या परीक्षेत शाळेच्या मुख्याध्यापकांनी प्रश्न तिच्या तळहातावर बोटांनी ‘लिहून’ दाखवले आणि तिने उत्तरे टंकयंत्रावर दिली. १८९९ च्या अंतिम परीक्षेत मात्र प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये मिळाली आणि बीजगणिताची चिन्हे तिच्या सवयीच्या पद्धतीहून वेगळी निघाली. विषय येत असूनही ती अडखळली. तरीही ती उत्तीर्ण झाली आणि १९०४ मध्ये पदवीधर झाली. अडचण बुद्धीची नव्हतीच. ज्या चिन्हांचा सराव झाला त्यांत परीक्षा झाली नाही, ही ती अडचण होती.

९/१३
आपल्याकडे गुलाबरावांची गोष्ट बहुधा चमत्कार म्हणून सांगितली जाते: डोळे नव्हते, तरी सारे ग्रंथ कळत. श्रद्धेचा मान श्रद्धेला आहेच. परंतु या सांगण्याची एक किंमत आपण मोजली. ज्ञान ‘अंतर्दृष्टीने’ आले असे म्हटले, की तासन्‌तास वाचणाऱ्या आवाजांची आणि रात्रभर लिहिणाऱ्या हातांची आठवण उरत नाही. मग पुढच्या अंध मुलासाठी वाचक नेमावा, हेही कोणाला सुचत नाही. चमत्काराची वाट पाहता येते, पण त्याची शाळा काढता येत नाही.

१०/१३
महाराजांच्या निधनानंतर आठ वर्षांनी, १९२३ मध्ये, अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. १९३२ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापून शेतकऱ्यांच्या मुलांना दार उघडले. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ आले आणि अकोल्याच्या विद्यार्थ्याची पदवी नागपूरऐवजी अमरावतीशी जोडली गेली. कॉलेज घराजवळ आले खरे. पण दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा पायऱ्या चढता येत नाहीत, अशा मुलांसाठी ते अद्याप दूरच होते.

११/१३
तो हक्क कायद्यात यायला शतक सरत आले. १९९५ च्या कायद्याने ३ टक्के जागा राखल्या. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा तसेच वयात पाच वर्षांची सवलत दिली. केंद्राच्या २०१३ च्या परीक्षाविषयक सूचनांनी लेखनिक स्वतः निवडण्याची मुभा आणि तासाला किमान २० मिनिटे अधिक वेळ देऊ केला. तीन तासांच्या पेपरला हा जादा वेळ एक तासाचा होतो.

१२/१३
पण हेलनची बीजगणिताची चिन्हे आठवा. सवलत कागदावर असणे आणि ती वापरता येणे यांत बरेच अंतर असते. लेखनिकाला उत्तर सांगणे ही स्वतंत्र कला आहे: परिच्छेद कुठे तोडायचा, आकृतीचे वर्णन कसे करायचे, जोडाक्षर कसे उलगडून सांगायचे. ती बारावीच्या परीक्षागृहात एकाएकी येत नाही. नववी-दहावीपासून घडवावी लागते. प्रमाणपत्र वेळेत काढणे, कोणती सोय हवी ते स्वतःच्या तोंडाने प्राध्यापकांना सांगणे, ध्वनिमुद्रित पुस्तके आणि संगणकावरील वाचक-प्रणाली हाताळणे, वसतिगृहापासून वर्गापर्यंतची वाट पायाखालची करणे, ही कॉलेजची खरी पूर्वतयारी. गुलाबरावांना ती एकट्याने शोधावी लागली. आज ती शाळेने शिकवायला हवी.

१३/१३
अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी निराधार दिव्यांग मुलांसाठी आश्रम उभारला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांच्या आश्रमात वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिने ब्रेल शिकून घेतली होती, आणि लेखनिकाच्या मदतीने अमरावतीच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले होते. ही संस्था म्हणजेच १९२३ चे ते किंग एडवर्ड कॉलेज. माधान आणि वझ्झर एकाच जिल्ह्यात आहेत. या दोन गावांमधले अंतर कापायला वऱ्हाडाला शंभर वर्षे लागली. तुमच्या वर्गात असा एखादा मित्र असेल, तर त्याच्या जिद्दीचे कौतुक जरूर करा, पण त्याआधी त्याला विचारा, “आज कोणता धडा वाचून दाखवू?”