बोरघाट चढलेली कमिटी

इंग्रजांच्या शिस्तीची आणि एकसूत्री कारभाराची वाखाणणी ऐकतच आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या; परंतु रघुनाथरावांस पुण्याच्या कारभारावर बसविण्याच्या मिषाने १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची जी फौज बोरघाट चढून मावळात आली, तिचा वृत्तांत वाचू लागले म्हणजे या लोकांच्या स्वभावाचे कोडे अधिकच गहन होते. सुमारे ३,९०० शिपाई आणि सामान वाहण्यास १९,००० बैल असा तो लवाजमा. आणि त्यावर हुकमत एका सेनापतीची नव्हे, तर तिघांच्या कमिटीची! कारनॅक हा कौन्सिलातला, मॉस्टिन हा पूर्वी पुणे दरबारी वकिली केलेला, आणि एगर्टन हा लष्कराचा मुख्य. व्यापाऱ्यांच्या पेढीत मताधिक्याने चालणारा व्यवहार रणभूमीवरही तसाच चालेल, असे या चतुर लोकांना कशामुळे वाटले असावे? पहिलाच तंटा उद्भवला तो कारनॅकला लष्करी मानमरातब मिळावा की नाही यावर. मॉस्टिन आजारी होऊन मुंबईस परतला व १ जानेवारी १७७९ रोजी वारला.

खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतचे आठ मैल चालण्यास या फौजेला अकरा दिवस लागले. मराठ्यांचे स्वार दुतर्फा घिरट्या घालीत होते, गावे ओस पडलेली, चारादाणा जाळलेला. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. शत्रूची टेहळणी करण्यास तो झाडावर चढला होता, अशी परंपरा आहे. कमिटीच्या घोळात हाच एक पुरुष निःशंक लढला, आणि त्याची कदर केली ती त्याच्या वैऱ्यांनी. ‘इष्टुर फाकडा’ म्हणून मराठ्यांनी त्याला आपल्या साडेतीन फाकड्यांतला अर्धा ठरविले, आणि वडगावास त्याची समाधी म्हणून एक स्थान आजही पूज्य मानले जाते. हे औदार्य मला त्या विजयाहूनही मोठे वाटते.

तळेगाव गाठले तो तेही जळून गेलेले. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तेथील तळ्यात ढकलून फौज मागे फिरली. कॅप्टन हार्टलीने पिछाडी शर्थीने सांभाळली, तरी वडगावास महादजी शिंद्यांच्या वेढ्यात सापडून तिला तहनामा लिहून द्यावा लागला. साष्टीसह १७७३ नंतर बळकावलेला मुलूख परत करावा, बंगालहून येणारी कुमक थांबवावी, आणि हमी म्हणून फार्मर व दुसरा एक स्टुअर्ट, लेफ्टनंट, असे दोघे ओलीस ठेवावेत, अशी कलमे ठरली.

फौज सुखरूप मुंबईस पोचताच कंपनीने तह झुगारून दिला आणि पुढे कारनॅक, एगर्टन व एगर्टनच्या जागी सेनापती झालेला कॉकबर्न यांस बडतर्फही केले. सही करणाऱ्यांस अधिकार नव्हता, हे कायद्याने कदाचित खरे असेल. पण अधिकार नसलेल्यांच्या सहीवर जी हजारो माणसे जिवंत घरी गेली, त्यांचा हिशेब कोणत्या कलमाखाली धरावा? ओलीस मात्र महादजींच्याच छावणीत राहिले होते, आणि १७८० च्या मार्चमध्ये महादजींनी दोघांनाही, बंगालहून आलेल्या त्या कुमकेचा सेनापती जनरल गॉडर्ड याच्याकडे, सुखरूप परत पाठविले.