पेज कोणाचं, बोललं कोण

30 एप्रिल 2009, गुरुवार

अमेरिकेतली क्रायस्लर ही मोटार कंपनी या दिवशी दिवाळखोरीच्या अर्जासह न्यायालयात उभी राहिली. 1 जूनला जनरल मोटर्सही त्याच वाटेने गेली. 10 जूनला फियाटचा हात धरून क्रायस्लर बाहेर आली, पण तोवर डेट्रॉईट हे शहर साऱ्या अमेरिकेच्या टिंगलीचा विषय झालं होतं. बंद कारखाने, रिकामी घरं, आणि त्यावर येताजाता मारलेले टोमणे.

परभणीकराला हे समजावून सांगावं लागत नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. स्टेशन रोडच्या खड्ड्यांवरून आपण आपल्या गावाला हवं ते बोलतो. तेच बाहेरचा बोलला की कानशिलं तापतात, आणि गावातल्याच एखाद्या दुकानाने पाटीवर लिहून लावलं तर त्या दुकानाची पायरी कोणी चढणार नाही. पुढे जे घडलं त्याच्या मुळाशी हाच राग आहे.

6 फेब्रुवारी 2011, रविवार. 31 दिवस आधी

सुपर बोल हा अमेरिकेतला फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना. त्या सामन्यात क्रायस्लरने तब्बल दोन मिनिटांची जाहिरात दाखवली. डेट्रॉईटचे रस्ते, चिमण्या, भित्तिचित्रं, आणि गाडी चालवणारा त्याच शहराचा रॅपर एमिनेम. शेवटी एकच ओळ: डेट्रॉईटहून आयात. परदेशी गाड्यांच्या मिजाशीला दिलेलं ते उत्तर होतं. आम्ही या शहराचे आहोत आणि त्याची आम्हाला लाज वाटत नाही, असं कंपनीने देशासमोर सांगितलं. डेट्रॉईटच्या लोकांना ते मनापासून भावलं.

15 फेब्रुवारी 2011, रात्री 11:24. 22 दिवस आधी

आता जरा बाजूला, पण फार लांब नाही. अमेरिकन रेड क्रॉसच्या अधिकृत ट्विटर खात्यावर एक ओळ उमटली. डॉगफिश हेड कंपनीच्या बिअरच्या बाटल्यांची आणखी दोन खोकी सापडली आहेत, आणि आम्ही प्यायला बसलो की रीतसर पितो, अशा अर्थाची. रक्तदान आणि पूरग्रस्तांची मदत यांसाठी ओळखली जाणारी संस्था मध्यरात्रीच्या सुमाराला बिअरची मैफल जाहीर करत होती.

ते लिहिणारी रेड क्रॉसचीच कर्मचारी होती. हूटसूट नावाच्या साधनात तिचं स्वतःचं खातं आणि संस्थेचं खातं शेजारी शेजारी उघडी असत. ज्याच्यावर खूण असेल त्या नावाने मजकूर जातो. त्या रात्री खूण चुकीच्या नावावर होती, एवढंच.

ती ओळ तासभर तशीच राहिली. मग संस्थेचा सोशल मीडिया सांभाळणाऱ्या वरिष्ठ बाईंना कोणीतरी फोन करून उठवलं आणि त्यांनी ती काढून टाकली. नंतर त्या सरळ बोलल्या: ओळ काढली आहे, रेड क्रॉस शुद्धीवर आहे आणि गाडीच्या चाव्या आम्ही काढून घेतल्या आहेत. त्या कर्मचारी महिलेनेही स्वतःच्या खात्यावरून चूक कबूल केली. डॉगफिश हेडच्या चाहत्यांनी उलट रेड क्रॉसला देणग्या पाठवल्या आणि तिची नोकरी शाबूत राहिली. लोकांना हा किस्सा गमतीचा वाटला. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. खात्याची किल्ली दुसऱ्याही माणसाकडे होती, आणि त्या माणसाला मध्यरात्री फोन करता येत होता.

9 मार्च 2011, बुधवार, सकाळ

डेट्रॉईट परिसरातल्या महामार्गावर वाहनांची रांग लागलेली. क्रायस्लरचं ट्विटर खातं चालवायचं काम न्यू मीडिया स्ट्रॅटेजीज या एजन्सीकडे होतं. तिथला 28 वर्षांचा एक तरुण कर्मचारी त्या रांगेत अडकला होता. वैतागून त्याने मनातलं लिहून टाकलं: डेट्रॉईटला मोटारींचं शहर म्हणतात आणि इथे एकालाही धड गाडी चालवता येत नाही. मधे एक सणसणीत शिवी. हे आपण आपल्या खात्यावर लिहितोय अशी त्याची समजूत होती. गेलं ते क्रायस्लरच्या नावाने.

डेट्रॉईटची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. विश्वचषक चालू होता आणि त्या दिवशी दिल्लीच्या कोटलावर भारत विरुद्ध नेदरलँड्स हा दिवसरात्र सामना होता. परभणीत टीव्हीचं दुकान असेल तिथे गर्दी असणार, आणि बाद झालेल्या फलंदाजाला दिलेल्या शिव्या तिथेच हवेत विरल्या असतील. ओट्यावर बोललेलं ओट्यावरच राहतं. डेट्रॉईटच्या त्या तरुणाची शिवी मात्र कंपनीच्या बोधचिन्हाखाली, 31 दिवसांपूर्वी ज्या शहराच्या अभिमानावर पैसा ओतला त्याच शहराच्या तोंडावर जाऊन बसली.

त्यानंतरची काही मिनिटं

ओळ काढली, पण तोवर लोकांनी तिचे फोटो काढून ठेवले होते. क्रायस्लरकडून पहिला खुलासा आला की आमच्या खात्यात कोणीतरी शिरकाव केला आहे. ऐकणारा त्याचा अर्थ चोरी असाच लावणार. त्याच दिवशी चौकशीनंतर कंपनीला लिहावं लागलं की हा मजकूर आमच्याच एजन्सीच्या कर्मचाऱ्याकडून गेला. म्हणजे माफी एकदा आणि दुरुस्ती पुन्हा एकदा. माझ्या मते दुसरं नुकसान इथे झालं, आणि ते टाळता येण्यासारखं होतं. एजन्सीने त्या तरुणाला कामावरून काढून टाकलं.

याच प्रकारचा तिसरा प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण त्यातली माफी शिकण्यासारखी आहे. 3 ऑक्टोबर 2012 च्या रात्री डेन्व्हरमध्ये ओबामा आणि रॉम्नी यांचा वादविवाद चालू होता. आपण अध्यक्ष म्हणून निवडून येण्याच्या तीन दिवस आधी आजी वारली, असं ओबामा बोलण्याच्या ओघात म्हणाले. किचनएड या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीच्या खात्यावरून लगेच त्या आजीच्या मरणावर एक हलकट विनोद गेला. ब्रँडच्या प्रमुख सिंथिया सोलेदाद यांनी त्याच रात्री स्वतःचं नाव आणि हुद्दा सांगून ओबामांची व त्यांच्या कुटुंबाची माफी मागितली. हे आमच्याच चमूतल्या व्यक्तीकडून बेपर्वाईने गेलं, हेही लपवलं नाही. बोलणारा माणूस कोण हे कळलं की ऐकणारा निदान ऐकून तरी घेतो. किचनएड ही व्हर्लपूलची, आणि क्रायस्लरच्या घरातली जीप पुढे 2017 पासून पुण्याजवळच्या रांजणगावात बनू लागली. व्हर्लपूलचे फ्रीजही रांजणगावचेच. मराठवाड्यातली किती पोरं त्या पट्ट्यात कामाला आहेत! हे सगळं सातासमुद्रापलीकडचं आहे असं मानायचं कारण नाही.

आता हेच घड्याळ परभणीच्या जिंतूर रोडवर

समजा, एक कृषी सेवा केंद्र आहे. मृग लागलाय. पेजवर बियाण्याच्या पिशव्यांचे फोटो, खाली शेतकऱ्यांचे प्रश्न: भाव काय, उगवण कशी, उधारीवर मिळेल का. पेज चालवतो मालकाचा पुतण्या, नाहीतर हिशोबाला बसणारा पोरगा. फोन त्याचा स्वतःचा. त्याच फोनात त्याचं खातं, दुकानाचं पेज, मामाच्या मंगल कार्यालयाचं इन्स्टाग्राम आणि गल्लीतल्या गणेश मंडळाचंही पेज.

सकाळी 10 वाजता तो फेसबुकमध्ये स्वतःच्या नावावरून दुकानाच्या नावावर जातो आणि शेतकऱ्यांना उत्तरं देतो. इथे नीट पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. एकदा पेजच्या नावात शिरलं की परत बाहेर येईपर्यंत प्रत्येक लाईक, प्रत्येक कमेंट, प्रत्येक शेअर दुकानाचाच. दुपारी 2 वाजता तो फोन खिशात टाकून जेवायला जातो. नाव बदलायचं राहून जातं. ॲप पुन्हा उघडलं तरी ते दुकानाच्याच नावाने उघडतं.

रात्री साडेदहा. अंथरुणावर पडल्या पडल्या एका पुढाऱ्याची बातमी समोर येते. तो ती शेअर करतो आणि वर आपली एक जळजळीत ओळ लिहितो. लिहायच्या चौकटीशेजारी छोटा गोल फोटो असतो, नखाएवढा. त्यात त्याचा चेहरा नसून दुकानाची पाटी आहे. पण डोळे अक्षरांवर असतात, फोटोवर नसतात.

10:31. पोस्ट गेली. ती कोणी टाकली हे नाव पेज सांभाळणाऱ्यांनाच दिसतं. गिऱ्हाइकाला दिसतं ते एवढंच, की अमुक कृषी सेवा केंद्र हे असं म्हणतंय. 10:35 ला तिचा स्क्रीनशॉट तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. 10:40 ला मालकाचा फोन: "अरे, काय टाकलंस दुकानाच्या नावानं?" पोरगा घाबरून पोस्ट काढतो, पण ग्रुपवरचा फोटो काढणं त्याच्या हातात नाही. उद्या सकाळी शटर उघडायच्या वेळी दारात चार माणसं उभी असतील, आणि ती पुतण्याला विचारायला आलेली नसतील.

हे काल्पनिक आहे, पण दुकानासमोर माणसं येणं काल्पनिक नाही. 18 नोव्हेंबर 2012 ला, बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी, पालघरमधल्या एका तरुणीने त्या दिवशीच्या बंदविषयी फेसबुकवर स्वतःच्या नावाने मत लिहिलं. मैत्रिणीने ते लाईक केलं. खातं योग्य होतं, नाव स्वतःचं होतं. तरी जमावाने मत लिहिणाऱ्या तरुणीच्या काकांचं अस्थिरोगाचं हॉस्पिटल फोडलं आणि दोघी मुलींना अटक झाली. ज्या कलमाचा आधार त्या वेळी घेतला गेला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. माझ्या मते त्या मुलींवर अन्यायच झाला. पण आपल्याकडच्या गावांबद्दल एक गोष्ट त्यातून उघड झाली. इथे माणूस आणि त्याच्या घरचा धंदा लोक वेगळे धरत नाहीत. माणूस स्वतःच्या नावाने बोलला तरी ही गत, मग प्रत्यक्ष दुकानच बोललं तर?

आणि परभणीत तर जखम ताजी आहे. 10 डिसेंबर 2024 ला रेल्वे स्थानकासमोर, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, दुकानांची आणि गाड्यांची मोडतोड झाली. अटकेत असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. अशा दिवसांत गावाचे डोळे प्रत्येक ओळीवर असतात. तेव्हा चुकून दुकानाच्या नावाने गेलेली ओळ ही चूक म्हणून कोणी वाचत नाही, ती भूमिका म्हणून वाचली जाते.

सगळा दोष पोराच्या अंगठ्यावर टाकणं मला मान्य नाही. एका फोनात चार नावं कोणी कोंबली? वेगळा फोन द्यायला पैसे नाहीत म्हणणाऱ्या मालकाने निदान एवढं करावं: पेजचं काम मेटा बिझनेस सूट या वेगळ्या ॲपमधूनच करायला लावावं आणि रोजच्या फेसबुक ॲपमध्ये पेजच्या नावात शिरूच देऊ नये. निळं ॲप म्हणजे मी, दुसरं ॲप म्हणजे दुकान, हे बोटांना कळलं की झोपेतही गल्लत होत नाही. पोराला पोस्ट टाकण्यापुरतेच अधिकार द्यावेत. पेजचा पूर्ण ताबा मालकाकडे आणि घरातल्या आणखी एका जाणत्या माणसाकडे असावा, म्हणजे पोरगा झोपला असला तरी 10:32 ला काकू ती पोस्ट काढू शकतील. आणि चूक झालीच तर 'आमचं पेज हॅक झालं' हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य वापरू नये. पोरगं कोणाचं आणि फोन कोणाचा, हे गावाला माहीत असतं.

10 मार्च 2011, गुरुवार

क्रायस्लरने जाहीर केलं की न्यू मीडिया स्ट्रॅटेजीजचं वर्षाच्या उरलेल्या महिन्यांचं कंत्राट पुढे चालू ठेवणार नाही. एका ओळीसाठी एवढं कशाला, असं अनेकांनी विचारलं. त्यावर कंपनीने खुलासा लिहिला. ती जाहिरात नुसती गाड्या विकायला केली नव्हती, ती या शहराच्या बाजूने उभं राहायला केली होती, असा त्याचा रोख होता. त्या तरुणाची नोकरी आदल्या दिवशीच गेली होती. आता एजन्सीतल्या ज्या माणसांनी त्या सकाळी फोनला हातही लावला नव्हता, त्यांच्या हातूनही क्रायस्लरचं काम गेलं.