शिशाचा पदर

लहान मुलाची क्ष-किरण तपासणी करताना त्याच्या ओटीपोटावर शिशाचे आच्छादन ठेवण्याची पद्धत पाश्चात्त्य वैद्यकात अर्धशतकाहून अधिक काळ रूढ होती. लेकराला पदराआड घ्यावे, तसा धीर त्या जड आच्छादनाने आईबापांना दिला. आज ते ठेवले गेले नाही, तर ‘ही हेळसांड तर नव्हे?’ अशी शंका त्यांच्या मनात येते. तिचे उत्तर इतिहासात आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना या किरणांचा शोध लागला. प्रारंभीच्या कुतूहलाची किंमत प्रथम प्रयोगशाळांतील माणसांनी मोजली. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये याच किरणांच्या दाहाने निवर्तले. बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनी त्यापूर्वीच किरणनलिकेला आवरण घालण्याचा आणि रुग्णाचे तपासणीबाहेरचे अंग झाकण्याचा सल्ला दिला होता. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१९२७ मध्ये हर्मन मुलर यांनी फळमाश्यांवरील प्रयोगांतून क्ष-किरणांमुळे आनुवंशिक बदल घडतात, हे दाखविले. भीती आता पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचली. पुढे १९५६ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्ट्युअर्ट यांनी, गरोदरपणी आईची क्ष-किरण तपासणी झाली असल्यास मुलांत कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळतात, हे निदर्शनास आणले. याच दशकात जननेंद्रियांवर शिसे ठेवण्याची प्रथा पसरली. १९७६ मध्ये अमेरिकी शासनानेही तिची शिफारस केली.

मात्र काळ बदलला. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या संततीत अपेक्षित आनुवंशिक दोष आढळले नाहीत. यंत्रे सुधारली व किरणांची मात्रा पूर्वीच्या मानाने अत्यल्प झाली. शरीरात आतल्या आत विखुरणारे किरण वरच्या शिशाने अडत नाहीत. शिवाय शिसे भलत्या जागी सरकले, तर दुखणेच झाकले जाते आणि तपासणी पुन्हा करावी लागते. स्वयंचलित यंत्र तर या अडथळ्यामुळे मात्रा उलट वाढविते! म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने हा सरसकट वापर थांबविण्याचे आवाहन केले. मुलाला धरून उभ्या राहणाऱ्या पालकाने मात्र शिशाचा एप्रन घालावा, हा दंडक आजही कायम आहे.

ज्यांनी हे आच्छादन घातले, त्यांनी आपल्या काळच्या ज्ञानाला धरूनच ते घातले. त्यांना हसण्याचे कारण नाही. तपासणी खरोखर आवश्यक आहे काय, किरण नेमक्या भागापुरते आहेत काय, मात्रा मुलाच्या अंगलटीस साजेशी आहे काय, हे प्रश्न आईबापांनी निःसंकोच विचारावेत. लेकराचे खरे रक्षण त्यांच्या उत्तरांत आहे. पदर दूर झाला तरी त्यामागची माया तीच आहे. तिने आता डोळस व्हावे, एवढेच.