नाक बंद आणि हातात सनई : सायनसचा जुनाट त्रास असलेल्या वादकांनी काय करायचं?

लग्नसराईतली सकाळ. मुहूर्त साडेअकराचा आहे आणि सनईवाले साडेआठलाच मांडवात हजर आहेत. पण मुख्य वादकाचं नाक रात्रीपासून बंद आहे, कपाळ जड झालंय आणि खाली वाकलं की गालात ठणका उठतोय. सुपारी घेतलेली असल्यामुळे नाही म्हणता येत नाही. मग नाकात दोन थेंब टाकले जातात, डोकेदुखीची एक गोळी घेतली जाते आणि वादन सुरू होतं. पुढच्या सुपारीला पुन्हा तेच.

सनई, बासरी, क्लॅरिनेट, ट्रंपेट, तुतारी, तारपा अशी फुंकून वाजवायची वाद्यं हाताळणाऱ्या अनेकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. गोव्यातल्या फेस्ताला वाजणारा ब्रास बँड असो की गावच्या जत्रेतली सनई, श्वास हेच इथलं भांडवल असतं. त्यामुळे सायनसचा त्रास इतरांसाठी कटकट असला, तरी वादकासाठी तो थेट पोटापाण्याचा प्रश्न होतो.

हा त्रास नेमका काय असतो, वाजवताना तो का वाढतो आणि त्यावर काय करता येतं, हे समजून घेऊ.

सायनस म्हणजे काय आणि तो ‘जुनाट’ कधी होतो?

आपल्या चेहऱ्याच्या हाडांमध्ये हवेच्या पोकळ्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. त्यांच्या चार जोड्या असतात : गालांच्या मागे, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या अगदी मागे खोलवर. या पोकळ्यांमध्ये तयार होणारा पातळ चिकट द्रव बारीक छिद्रांतून नाकात उतरतो. नाकाच्या आतल्या अस्तराला सूज आली की ही छिद्रं बंद होतात, द्रव साचतो आणि त्रास सुरू होतो.

म्हणजे ‘मला सायनस आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा सायनस सगळ्यांनाच असतात. आजाराचं नाव सायनुसायटिस.

साध्या सर्दीनंतरचा त्रास बहुतेक वेळा काही दिवसांत ओसरतो. पण नाक बंद राहणं, नाकातून किंवा घशात घट्ट स्राव येणं, चेहऱ्यावर दाब किंवा दुखणं आणि वास कमी येणं यांपैकी किमान दोन लक्षणं १२ आठवडे किंवा त्याहून जास्त टिकली, तर डॉक्टर जुनाट सायनुसायटिसचा विचार करतात. मात्र फक्त लक्षणांवरून निदान पक्कं होत नाही. त्यासाठी नाकात दुर्बीण घालून पाहावं लागतं किंवा सीटी स्कॅन करावा लागतो.

यामागे ॲलर्जी, नाकातले मांसल कोंब म्हणजे पॉलिप, वाकडा पडदा, दमा, धूम्रपान, बुरशी अशी वेगवेगळी कारणं असू शकतात. म्हणूनच शेजारच्याला लागू पडलेलं औषध तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

हवा तर तोंडातून जाते, मग नाकाचा संबंध काय?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. फुंकताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो आणि नाकाकडे जाणारी वाट बंद करतो. सगळी हवा तोंडातून वाद्यात जाते. तरीही नाकाचं दुखणं वादनात चार प्रकारे आडवं येतं.

पहिलं, अखंड श्वास. सनईचा सूर धरणारा साथीदार किंवा रात्री नाचाच्या मधोमध उभा राहणारा वारली तारपावादक मध्ये न थांबता वाजवतो. गालात साठवलेली हवा बाहेर ढकलत असतानाच तो नाकाने नवा श्वास ओढून घेतो. नाकच बंद असेल तर हे तंत्र कोलमडतं.

दुसरं, दाब. सनईसारख्या पत्तीच्या वाद्यात किंवा ट्रंपेटच्या वरच्या सुरांत चिंचोळ्या वाटेतून जोराने हवा ढकलावी लागते. त्यामुळे छातीतला दाब वाढतो आणि डोक्याकडून परत येणारं रक्त थोडा वेळ तुंबतं. सुजलेलं अस्तर आणखी फुगतं आणि ठणका वाढतो. बासरीत तोंडातला दाब तुलनेने कमी असतो, त्यामुळे बासरीवादकांना हा भाग कमी जाणवू शकतो.

तिसरं, घसा. नाकाच्या मागून घशात उतरणाऱ्या स्रावामुळे लांब आलापाच्या मधोमध खोकल्याची उबळ येते.

चौथं, कान. नाकाचा मागचा भाग आणि मधला कान यांना जोडणारी एक नळी असते. ती सुजली की कानाला दडे बसतात. स्वतःचाच सूर दबका ऐकू येतो आणि सुरात राहणं अवघड होतं.

वाजवताना नाकातून फुसफुस आवाज करत हवा निसटत असेल, तर तो बहुधा टाळूची वाट नीट बंद न होण्याचा त्रास असतो. फुंकणाऱ्या वादकांमध्ये तो आढळतो. तो सायनसपेक्षा वेगळा आहे, त्यामुळे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुखणं खरंच सायनसचं आहे का?

२००४ मध्ये अमेरिकेत सुमारे ३,००० लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात सहभागी झालेल्यांना आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं वाटत होतं, किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. तपासणीत त्यांच्यापैकी ८८ टक्के लोकांची डोकेदुखी मायग्रेनच्या प्रकारातली निघाली. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि कपाळ दुखतं, त्यामुळे गल्लत होते.

दुसरी गल्लत दातांची. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या अगदी जवळ असतात. किडलेल्या दाढेचा संसर्ग वर पोहोचला तर एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येऊ लागतो. अशा वेळी नाकाचे उपचार कितीही केले तरी दाढेवर इलाज झाल्याशिवाय फरक पडत नाही.

वाफ घ्यायची की नाक धुवायचं?

आपल्या घरात सर्दी म्हटलं की आधी वाफेचं पातेलं ठेवलं जातं. इंग्लंडमध्ये जुनाट किंवा वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्या ८७१ रुग्णांवर या दोन्ही उपायांची तुलना झाली. २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांच्या लक्षणांत काही प्रमाणात सुधारणा दिसली. वाफेने डोकेदुखी कमी झाली, पण बाकी लक्षणांत विशेष फरक पडला नाही. वाफेने बरं वाटत असेल तर जरूर घ्या, फक्त भाजणार नाही याची काळजी घ्या. पण रोजचा उपाय म्हणून नाक धुणं जास्त कामाचं.

योगाच्या वर्गात शिकवली जाणारी जलनेती ही त्याच जातीची क्रिया. घरी करताना पाण्याबाबत हयगय नको. नळाचं, विहिरीचं किंवा साध्या फिल्टरचं पाणी थेट नाकात घेऊ नये. पाण्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हा संसर्ग अत्यंत दुर्मीळ पण बहुतेकदा जीवघेणा असतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूच्या अशा अमिबा संसर्गाने मृत्यू झाले आहेत.

कृती सोपी आहे :

- पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळा आणि झाकून कोमट होऊ द्या.
- एक कप म्हणजे साधारण २४० मिली पाण्यात पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. मीठ शक्यतो आयोडीन नसलेलं घ्या. मेडिकलमध्ये तयार पाकिटंही मिळतात.
- वाकून, तोंडाने श्वास घेत एका नाकपुडीतून पाणी सोडा, ते दुसरीतून बाहेर येईल.
- नंतर नाक जोरात शिंकरू नका. भांडं दर वेळी धुऊन वाळवा.

कार्यक्रमाच्या किमान तासभर आधी हे उरका. सायनसमध्ये अडकलेलं थोडं पाणी नंतर अचानक टपकतं आणि ते नेमकं मंचावर व्हायला नको. गुलाल, भंडारा, फटाके किंवा जनरेटरचा धूर यांत तासन्‌तास वाजवून घरी आल्यावरही नाक धुतलं तर आत बसलेली धूळ निघून जाते.

थेंब, स्प्रे आणि गोळ्या

नाक लगेच मोकळं करणारे थेंब, म्हणजे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असलेले, वादकांच्या खिशात सहज सापडतात. त्यांचा गुण काही मिनिटांत येतो आणि धोकाही तिथेच आहे. सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर त्यांचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब लागतात. लग्नसराईचे दोन महिने असे काढले तर थेंबच आजार होऊन बसतात. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

डॉक्टर देतात तो स्टिरॉइडचा स्प्रे, उदाहरणार्थ फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन, वेगळा असतो. तो सूज उतरवतो, पण हळूहळू. पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून तो कार्यक्रमाच्या सकाळी नाही तर रोज घ्यायचा असतो. ‘स्टिरॉइड’ या शब्दाने घाबरून अनेक जण तो चार दिवसांत सोडतात. योग्य मात्रेत त्याचा फारच थोडा अंश रक्तात जातो. फवारा मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने मारा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरला की दिशा आपोआप बरोबर येते.

सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते आणि तोंड कोरडं पडतं. कोरड्या ओठांनी बासरी किंवा सनई धरणं किती जड जातं, हे वादकांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे नवी गोळी कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका. दमा आणि पॉलिप दोन्ही असतील तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी काहींना दम्याचा तीव्र झटका येतो. अशांनी डोकेदुखीची गोळी मनाने घेऊ नये.

कार्यक्रम आहेच, तर?

ताप नसेल आणि दुखणं आटोक्यात असेल, तर थोडी आखणी करून वाजवता येतं. लांब ताना, वरच्या सप्तकातलं काम कमी करा. मधे मधे साथीदाराला जागा द्या. सूर धरणाऱ्याचं नाक बंद असेल तर त्या दिवशी श्रुती बॉक्सचा आधार घ्या. पंख्याच्या किंवा एसीच्या थेट झोतात बसू नका. पाणी पीत राहा. आणि हे सगळं साथीदाराला मंचावर चढण्याआधी सांगा.

वाद्य कधी धुतलं होतं?

अमेरिकेतल्या एका ट्रॉम्बोनवादकाला सुमारे १५ वर्षं खोकला होता. अखेर त्याच्या वाद्याच्या आतच जंतू आणि बुरशी सापडली. वाद्य नियमित निर्जंतुक केल्यावर खोकला थांबला. ही नोंद २०१० मध्ये ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. हा आजार फुप्फुसाचा होता, सायनसचा नाही. पण ओलसर वाद्यात काय वाढू शकतं हे त्यातून कळतं.

वाजवून झाल्यावर वाद्य आतून पुसा, वाळू द्या, मगच पेटीत ठेवा. पितळी वाद्याचा मुखभाग कोमट साबणाच्या पाण्याने धुवा. सनईची पत्ती ओली ठेवून डबी बंद करू नका आणि ती एकमेकांत वाटून वापरू नका. बांबूला किंवा लाकडाला स्पिरिट लावण्याआधी वाद्य बनवणाऱ्या कारागिराला विचारा.

ऑपरेशन करावं लागलं तर?

औषधांनी फरक पडला नाही तर डॉक्टर दुर्बिणीद्वारे सायनसच्या वाटा मोकळ्या करण्याचं ऑपरेशन सुचवू शकतात. त्यानंतर नाक शिंकरायला, जड उचलायला आणि जोर लावायला काही काळ मनाई असते. फुंकून वाजवणं त्याच यादीत येतं, नाहीतर रक्तस्राव होऊ शकतो. किती आठवडे थांबायचं हे सर्जनच ठरवतील. म्हणून तारीख घेण्याआधीच आपण वादक आहोत हे सांगा आणि शक्य असेल तर लग्नसराई टाळून तारीख घ्या. ऑपरेशननंतरही नाक धुणं आणि स्प्रे बहुतेकांना चालू ठेवावे लागतात.

वाद्य खाली ठेवून लगेच डॉक्टरांकडे कधी जायचं?

- डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं किंवा कमी दिसणं
- तापासह असह्य डोकेदुखी किंवा मान आखडणं
- एकाच नाकपुडीतून वारंवार रक्तमिश्रित स्राव
- मधुमेह असताना गाल बधिर होणं, नाकात काळी खपली दिसणं. २०२१ च्या कोरोना लाटेत महाराष्ट्राने ज्या म्युकरमायकोसिसचा तडाखा सोसला, त्याची ही लक्षणं असू शकतात.

आजारपण कळलं तर पुढची सुपारी दुसऱ्याला जाईल, या भीतीने अनेक वादक त्रास लपवतात. डॉक्टरांसमोरही ते फक्त ‘सर्दी होते’ एवढंच सांगतात. पुढच्या वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाल तेव्हा पहिलंच वाक्य ‘मी फुंकून वाद्य वाजवतो’ हे असू द्या. कोणतं वाद्य, रोज किती तास आणि कोणत्या सुराला दुखतं, हेही सांगा. जमलं तर वाद्य सोबत न्या आणि चार सूर वाजवून दाखवा. गोळी कोणती द्यायची आणि ऑपरेशन कधी करायचं, हे त्या उत्तरांवरून बदलू शकतं.

(ही माहिती सर्वसाधारण समज वाढावी यासाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.)