जेट्स गेले, जेट्स आले

हिवाळा लागला की आपल्या घराघरांत मुलांच्या तोंडी एकच विषय असतो : जेट्स. आपण मोठी माणसे क्रिकेटवर वाढलेली. बर्फावरची ती धावपळ आणि नजरेला न सापडणारी रबरी चकती (तिला पक म्हणतात) यांत आपले मन चटकन रमत नाही. पण ज्या विनिपेगमध्ये आपण संसार थाटले, त्या गावाचा स्वभाव कळायचा तर या संघाची हकीकत ठाऊक हवी. मध्यंतरी पंधरा वर्षे हा संघ गावात नव्हताच, हे अलीकडे आलेल्या मंडळींना सांगूनही खरे वाटत नाही.

गोष्ट सुरू होते १९७२ साली. एन.एच.एल. या जुन्या, बलाढ्य संघटनेला आव्हान देण्यासाठी वर्ल्ड हॉकी असोसिएशन निघाली आणि बेन हॅट्स्किन या इथल्या उद्योजकाने तीत विनिपेगचा संघ उतरवला. नव्या संघटनेला नाव मिळवून देईल असा एक मोठा खेळाडू हवा होता. हॅट्स्किनने थेट शिकागोच्या बॉबी हललाच गाठले. नुसत्या सहीपोटी दहा लाख डॉलर! त्यासाठी संघटनेतल्या इतर संघांनीही वर्गणी दिली. पोर्टेज अँड मेनच्या चौकात, गर्दीसमोर समारंभ झाला आणि प्रेअरीवरचे हे गाव एका दिवसात हॉकीच्या नकाशावर आले.

पुढचे पाऊल आपल्यासारख्या परदेशातून आलेल्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. १९७४ साली जेट्सनी स्वीडनहून आंदेर्स हेडबर्ग आणि उल्फ निल्सन यांना आणले. युरोपातले खेळाडू नाजूक, चार धक्के बसले की परत जातील, असा तेव्हा इथे पक्का समज होता. प्रतिस्पर्ध्यांनी काठ्या आणि कोपरे मारून तो खरा करायचा भरपूर प्रयत्नही केला. या दंडेलीच्या निषेधार्थ १९७५ मध्ये हल एका सामन्यात खेळलाच नाही. पण स्वीडिश मंडळी टिकली. धक्काबुक्कीऐवजी वेग, अचूक पास आणि जागा बदलत खेळणे ही त्यांची रीत. हल, हेडबर्ग आणि निल्सन ही तिकडी बर्फावर उतरली की पाहत राहावे, अशी ख्याती झाली. लार्स-एरिक शोबर्ग हा स्वीडिश खेळाडू संघाचा कप्तानही झाला. १९७६, १९७८ आणि १९७९ असा तीनदा त्या संघटनेचा आव्को करंडक विनिपेगला आला. १९७८ च्या जानेवारीत तर सोव्हिएत राष्ट्रीय संघालाही जेट्सनी ५-३ असे हरवले.

१९७९ साली ती संघटना बंद पडली. एडमंटन, क्वेबेक, हार्टफर्ड आणि विनिपेग हे चार संघ एन.एच.एल.मध्ये घेतले गेले, पण अटी कडक होत्या. बहुतेक चांगले खेळाडू जुन्या संघांनी परत नेले. कालचा विजेता तळाला गेला. १९८०-८१ च्या मोसमात ८० पैकी फक्त ९ सामने जिंकले! या नामुष्कीतून एक लाभ मात्र झाला. तळाच्या संघाला तेव्हा नवा खेळाडू प्रथम निवडता येत असे, त्यामुळे १९८१ साली डेल हॉवरचक मिळाला आणि संघ सावरला. तरी नशीब आड आलेच. १९८३ ते १९९० या काळात बाद फेरीत सहा वेळा गाठ पडली ती एडमंटनशी, आणि सहाही वेळा हार पदरी आली. त्या सहांपैकी पाच वर्षी एडमंटननेच स्टॅनली कप जिंकला, यावरून समोर कोण उभे होते ते कळावे. पुढे फिनलंडहून तेमु सेलाने आला. १९९२-९३ च्या पहिल्याच मोसमात त्याने ७६ गोल केले.

मग असा संघ गेला का? रसायनशास्त्राच्या माणसाला कारणे सुटी करून पाहायची खोड असते. इथे तीन दिसतात. खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये आणि तिकिटांचे उत्पन्न कॅनेडियन डॉलरमध्ये. १९९६ साली आपला डॉलर ७३ अमेरिकन सेंटांच्या आसपास होता. दुसरे, जुन्या अरीनात ज्यांतून पैसा येतो ते खासगी कक्ष पुरेसे नव्हते. तिसरे, वाढता तोटा सोसायला मालक तयार नव्हते. १९९५ च्या मे महिन्यात द फोर्क्सवर हजारो लोक जमले, मुलांनी गल्ले फोडून पैसे दिले. त्यातून आणखी एक मोसम मिळाला, एवढेच. २८ एप्रिल १९९६ रोजी डेट्रॉईटकडून ४-१ अशी हार झाली आणि संघ ॲरिझोनाच्या वाळवंटात, फिनिक्सला गेला. हॉवरचक आणि सेलाने यांचे विक्रमही कागदोपत्री त्याच्याबरोबर गेले.

पण गाव रडत बसले नाही. त्याच वर्षी मॅनिटोबा मूस हा खालच्या श्रेणीतला संघ आणला. २००४ साली ईटन्सच्या जुन्या दुकानाच्या जागी सुमारे १५ हजार आसनांचे नवे अरीना उभे राहिले. म्हणूनच २०११ साली अटलांटाचा संघ विक्रीला निघाला तेव्हा मार्क चिपमन आणि डेव्हिड थॉमसन यांच्याकडे जागा, पैसा आणि तयारी सारे होते. १३,००० सीझन तिकिटांची अट घातली होती. मूसच्या जुन्या ग्राहकांनंतर उरलेली तिकिटे १७ मिनिटांत संपली! नाव काय ठेवायचे हा प्रश्न लोकांच्या मनात नव्हताच. गंमत अशी की फिनिक्सला गेलेला संघही २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीला हलला.

यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. १९९५ साली गावात प्रेम कमी नव्हते, पण प्रेमामागे इमारत आणि दरवर्षीचे बांधलेले पैसे नव्हते. २०११ साली दोन्ही होते. आणि हे एकदा झाले म्हणून कायमचे होत नाही. २०२३-२४ मध्ये सीझन तिकिटे साडेनऊ हजारांच्या आसपास उतरली, तेव्हा खुद्द एन.एच.एल.चे आयुक्त गॅरी बेटमन इथे येऊन गेले. पुढच्याच मोसमात, २०२४-२५ मध्ये, जेट्सनी साखळीत सर्वाधिक गुण मिळवले आणि गोलरक्षक हेलेबकला सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. बाद फेरीत डॅलसने रोखले. स्टॅनली कप २०२५ पर्यंत तरी हुलकावणीच देत राहिला.

मंडळासारख्या लहान संस्थांनाही हाच हिशेब लागू पडतो. गणपतीला गर्दी होते, वर्गणीच्या वेळी विरळ होते! तेव्हा या हिवाळ्यात मुलांना घेऊन एक तरी सामना पाहावा. नियम मुले समजावतील. गल्ले फोडणाऱ्या मुलांची गोष्ट आपण त्यांना सांगावी.