क्रूझवर जाताय? घरच्यांना घेऊन चढण्यापूर्वी एवढं वाचा

आपल्या घरांत जहाजाचा विषय निघाला की दादा-नानांच्या हजची गोष्ट निघतेच. मुसाफिरखान्यातला मुक्काम, ‘अकबरी’ जहाज, निरोप द्यायला धक्क्यावर जमलेली बिरादरी. १९९५ मध्ये हजचा तो समुद्रमार्ग बंद झाला आणि आपल्या पिढीचा जहाजाशी संबंध संपला. आम्ही तर निघोज्याची माणसं. आमच्यासाठी मोठं पाणी म्हणजे इंद्रायणीचा बंधारा.

२०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागलं. चाकणच्या कंपन्यांत काम करणारे शेजारी, शाळेतले पालक आता विचारतात, “सर, म्हाताऱ्या माणसांना नेलं तर चालेल का? जेवणाचं काय? नमाजचं काय?” आम्हीही अम्मीला आणि मुलांना घेऊन एक फेरी केली. काही बरोबर केलं, काही चुकलं. तेच इथे क्रमाने सांगतो.

बुकिंग करताना

केबिनचे साधारण चार प्रकार असतात: खिडकी नसलेली, खिडकीची, बाल्कनीची आणि सूट. जहाज कमीत कमी हलतं ते मधल्या भागात आणि खालच्या मजल्यांवर. ज्यांना बसमध्ये मळमळतं त्यांनी तिथली केबिन मागावी. गुडघेदुखीवाल्यांसाठी लिफ्टजवळची घ्या आणि व्हीलचेअर लागणार असेल तर तेव्हाच कळवा. बार आणि डान्सफ्लोअर कोणत्या मजल्यावर आहेत तेही विचारा. रात्री उशिरापर्यंत आवाज चालतो.

बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळांना आणि चोवीस आठवड्यांपुढच्या गरोदर बायकांना जहाजावर घेत नाहीत. हा नियम पैसे भरण्याआधी पाहा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे थंडीचे महिने बरे.

कागदपत्रं आणि धक्का

देशातल्या फेरीला प्रत्येकाचं सरकारी ओळखपत्र लागतं, मुलांचंसुद्धा. नावाचं स्पेलिंग तिकिटावर आणि आधारवर एकच असू द्या. आपल्याकडे ‘शेख’ एका कागदावर पुढे आणि दुसऱ्यावर मागे असतं, ते आधीच दुरुस्त करून घ्या. श्रीलंकेसारख्या परदेशी फेरीला पासपोर्ट आणि त्या देशाची परवानगी हवी. वेब चेक-इन घरूनच करा.

मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, सीएसएमटीपासून टॅक्सीने जवळच. चाकण-तळेगाव रस्त्याची कोंडी तुम्हाला माहीत आहेच. गाडीने गेलात तर दोन तास जास्तीचे धरा, नाहीतर चिंचवडहून सकाळची सिंहगड एक्सप्रेस पकडा. जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी चढणं बंद होतं आणि उशिरा आलेल्यांसाठी ते थांबत नाही.

हातातली बॅग

आमची पहिली चूक इथेच झाली. मोठ्या बॅगा धक्क्यावरच द्यायच्या असतात. त्यांना केबिन नंबरची पट्टी लावतात, तपासणी होते आणि काही तासांनी त्या दाराशी येतात. अम्मीच्या शुगरच्या गोळ्या आम्ही मोठ्या बॅगेत ठेवल्या होत्या. जेवणाची वेळ झाली, अम्मी सारखी दाराकडे बघतेय आणि बॅगेचा पत्ता नाही. दोष आमचाच.

म्हणून औषधं, डॉक्टरची चिठ्ठी, ओळखपत्रं, चष्मा, बाळाचं दूध आणि एक जोडी कपडे हातातच ठेवा. इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती, चाकू घेऊ नका; काढून ठेवतात. समुद्रात सगळ्यात मोठी भीती आगीची असते.

सगळ्यात आधी ड्रिल

चढल्यावर लोक बुफेकडे धावतात, पण पहिलं काम दुसरंच आहे. केबिनच्या दारामागे नकाशा असतो आणि कार्डावर ‘मस्टर स्टेशन’चा नंबर. संकटात सगळ्यांनी जमायची ती जागा. धोक्याचा इशारा जगभर एकच आहे: सात आखूड भोंगे आणि एक लांब.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालीच नव्हती. तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची मुभा होती. २०१५ पासून नियम बदलला. आता लांब फेरीवर ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते.

आमच्या मनात आलं होतं की अम्मीचे गुडघे दुखतात, तिला केबिनमध्येच राहू द्यावं. तेवढ्यात कर्मचारी येऊन म्हणाला, “आजींनाच आधी न्यायचंय.” तो जिन्याने हळूहळू घेऊन गेला, कारण आगीच्या वेळी लिफ्ट वापरत नाहीत. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला चालता येत नाही त्याचीच तयारी सगळ्यात आधी व्हायला हवी. अशा माणसाचं नाव आणि केबिन नंबर रिसेप्शनवर लिहून द्या. मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट कुठे मिळेल ते विचारा आणि एकदा घालून पाहा. केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत सगळ्यांनी मिळून एकदा चालून या.

कार्ड आणि बिल

चढताना मिळालेलं कार्ड हीच केबिनची किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट. जहाजावर रोख सहसा चालत नाही. जे घ्याल ते कार्डावर चढतं. मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी बंद करून घ्या. सर्व्हिस चार्ज तिकिटात धरलाय की वेगळा, हे आधी विचारा. रोज एकदा रिसेप्शनवर हिशोब बघा. शेवटच्या सकाळी तिथे रांग लागते.

जेवण आणि नमाज

मटण-चिकन हलाल आहे का, हे बुकिंगच्या वेळीच लेखी विचारा. ‘नॉनव्हेज मिळेल’ हे त्याचं उत्तर नव्हे. जहाजावर शेफला भेटून पुन्हा खात्री करा, कोणी रागावत नाही. सॉसमधली वाइन आणि पुडिंगमधलं जिलेटिन याबद्दलही विचारा. शंका वाटली तर शाकाहारी पदार्थ भरपूर असतात.

मुंबई ते गोवा या पट्ट्यात किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, साधारण दहा ते पंधरा अंश कललेला असतो. पण जहाज वळतं आणि लोखंडी भिंतींजवळ मोबाइलचं होकायंत्र फसतं. उघड्या डेकवर जाऊन पाहा किंवा कर्मचाऱ्यांना दिशा विचारा. वुजूनंतर बाथरूमची फरशी पुसा. डुलत्या जहाजावर ओली फरशी म्हणजे पडण्याला आमंत्रण. कसर कधीपासून आणि दोन नमाजा एकत्र करता येतात का, यात हनफी आणि शाफई मसलक वेगळे आहेत. निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या.

तब्येत आणि फोन

जहाजावर डॉक्टर आणि नर्स असतात, पण फी द्यावी लागते. प्रवास विमा काढा. मळमळीची गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, मात्र शुगर-बीपीवाल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. बुफेआधी साबणाने हात धुवा; पोटाचे आजार जहाजावर झपाट्याने पसरतात.

किनारा दिसेनासा होण्याआधी फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाका. नाहीतर जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडलं जातं आणि बिल घरी येतं. आमच्याकडे आलं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की अमुक वेळेपर्यंत फोन लागणार नाही, काळजी करू नका.

किनाऱ्यावर उतरताना

गोव्याला जहाज मुरगावच्या धक्क्याला लागतं. लक्षद्वीपला ते समुद्रातच थांबतं आणि लहान होडीने बेटावर नेतात. होडीत चढताना पाय जपून टाकावा लागतो, समुद्र खवळला तर उतरणं रद्दही होतं. परत यायची वेळ लिहून घ्या आणि तिच्या तासभर आधीच या.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा पट्टी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या वेळी आम्ही अम्मीच्या गोळ्या विसरलो नाही, तिने स्वतःच डबी पर्समध्ये टाकली आणि मुलांना म्हणाली, “सात छोटे, एक लांब. लक्षात आहे ना?”