परसबाग: पहिल्या वर्षी भरभरून आलेली भाजी दुसऱ्या वर्षी का बिघडते?

जून महिन्यात दुकानातून टोमॅटोच्या बियांचं पाकीट आणलं, घरामागे चार रोपं लावली आणि हिवाळ्यात टोपलीभर टोमॅटो निघाले. उत्साहात त्यातल्याच काही बिया वाळवून ठेवल्या. पुढच्या वर्षी त्या लावल्या, तर एका झाडाला गोटीएवढी फळं, दुसऱ्याला आंबट आणि तिसऱ्याला जेमतेम दोन-चार. असा अनुभव परसबाग करणाऱ्या अनेकांना येतो. दोष खताला किंवा पावसाला दिला जातो. पण बऱ्याचदा खरं कारण बियांमध्येच असतं.

परसबाग वर्षानुवर्षं टिकवायची असेल, तर ऊन-पाण्याइतकंच बियाणं समजून घ्यावं लागतं. सुरुवात अर्थात ऊन-पाण्यापासूनच.

परसबाग म्हणजे नेमकं काय?

परस म्हणजे घराच्या मागची मोकळी जागा. सांडपाणी जिथे वाहतं तिथे अळू आणि केळ, कुंपणाला तोंडली, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता, गोठ्याच्या छपरावर दुधी किंवा भोपळा, अशी तिची जुनी रचना. शेतात एकच पीक भरपूर घेतलं जातं. परसबागेत दहा-पंधरा प्रकार थोडे थोडे असतात, कारण ते विकायचे नसतात, रोज खायचे असतात.

म्हणूनच अनेक ठिकाणी गोल आखून सात वाफ्यांची परसबाग केली जाते. आठवड्याच्या प्रत्येक दिवशी एका वाफ्यातली भाजी, असा त्यामागचा हिशेब. महाराष्ट्रात 'उमेद' अभियानाने महिला बचत गटांमधून पोषण परसबागांची मोहीम राबवली आहे.

ऊन आणि पाणी किती लागतं?

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि वेलभाज्या या फळभाज्यांना दिवसात साधारण सहा तास थेट ऊन हवं. ऊन तीन-चार तासच येत असेल तर पालक, मेथी, कोथिंबीर, माठ अशा पालेभाज्या लावाव्यात. अळू आणि मायाळू अर्धवट सावलीतही चालतात.

काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, त्यामुळे तिथे चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून गादीवाफे करावेत. कोकणात पावसाचा मारा मोठा असल्याने उंच वाफे लागतातच.

भाज्या आणि तांदूळ धुतलेलं पाणी थेट झाडांना देता येतं. साबणाचं पाणी मात्र पालेभाज्यांवर टाकू नये. ते केळ, कर्दळ यांच्या आळ्याकडे वळवावं.

कधी काय लावायचं?

- जून-जुलै: दुधी, दोडका, कारलं, पडवळ, भोपळा, काकडी, भेंडी, गवार, वाल, चवळी.
- दसरा-दिवाळीनंतर: मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, कोबी. टोमॅटो-वांग्याची रोपं त्याआधी तयार ठेवावीत.
- उन्हाळ्यात, पाणी असेल तर: भेंडी, गवार, काकडी, माठ.

मेथी आणि माठ महिन्याभरात काढणीला येतात, भेंडी दीड महिन्यात. त्यामुळे नवख्यांनी यांपासून सुरुवात केली की धीर टिकतो. धने पेरताना रगडून त्यांचे दोन भाग करावेत. प्रत्येक भागातून वेगळं रोप येतं.

फळझाडांत पपई लवकर फळ देते. पण बियांपासून केलेल्या पपईत काही झाडं नर निघतात आणि ती फळत नाहीत. फूल येईपर्यंत हा फरक कळत नाही. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावून फुलोऱ्यानंतर नर झाडं काढून टाकतात.

फुलं भरपूर, पण फळ का धरत नाही?

दुधी, भोपळा, दोडका, कारलं यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं, नर फुलाला नुसता देठ असतो. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात, त्यामुळे पहिली फुलं गळाली म्हणून घाबरायचं कारण नाही. भोपळ्याच्या जास्तीच्या नर फुलांची तर भजी होतात. थोडी फुलं परागासाठी वेलावर ठेवावीत, म्हणजे झालं.

मादी फुलं येऊनही फळ पिवळं पडून गळत असेल, तर मधमाश्या किंवा पतंग पराग पोचवत नसावेत. अशा वेळी नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच लावायचा. भोपळा आणि कारल्याचं फूल सकाळी उमलतं. दुधी आणि दोडक्याचं संध्याकाळी. तेव्हा हे काम त्या त्या वेळीच करायचं.

कीड पडली तर?

मावा, तुडतुडे यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरतात. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून एक लिटर पाणी करायचं आणि किंचित साबण घालून संध्याकाळी फवारायचं.

कारलं-दोडक्याची कोवळी फळं वाकडी होऊन सडत असतील, तर ती फळमाशीची कामगिरी असते. अशी फळं वेलाखाली पडू दिली तर आतल्या अळ्या मातीत जाऊन पुन्हा माश्या तयार होतात. म्हणून ती लगेच गोळा करून नष्ट करावीत. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू असतो आणि त्यावर औषध नाही. झाड उपटणं हाच उपाय.

मग बियाणं कुठे बिघडतं?

दुकानातल्या अनेक पाकिटांवर 'हायब्रीड' किंवा 'एफ-१' लिहिलेलं असतं. दोन वेगळ्या वाणांचा संकर करून हे बी तयार होतं. पहिल्या पिढीत सगळी झाडं सारखी आणि जोमदार येतात. पण त्यांच्या बिया लावल्या की आई-वडिलांचे गुण वेगवेगळ्या प्रकारे विभागले जातात आणि प्रत्येक झाड निराळं निघतं. बी खराब झालेलं नसतं, त्याचा स्वभावच तसा असतो. त्यामुळे हायब्रीड लावणाऱ्याला दरवर्षी दुकान गाठावं लागतं.

देशी आणि सरळ वाणांचं तसं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' भेंडी हे सरळ वाणाचं उदाहरण. अशा वाणाचं बी जपून धरलं तर पुढची झाडं बरीचशी मूळ झाडासारखीच येतात.

बी कसं धरायचं?

सुरुवात वाल, चवळी, घेवडा आणि टोमॅटोपासून करावी. यांची फुलं बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतात, त्यामुळे भेसळ कमी होते. शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. टोमॅटोचा गर बियांसकट एक-दोन दिवस आंबवून मग बिया धुवाव्यात.

वेलभाज्यांत भेसळ सहज होते, कारण शेजारच्या हायब्रीड दुधीचा परागही आपल्या वेलावर येतो. त्यासाठी उमलण्याआधीच मादी कळीला कापडी पिशवी बांधायची, फूल उमलल्यावर आपल्याच वेलाचा पराग लावायचा आणि पुन्हा झाकायचं.

बिया सावलीत वाळवून, राखेत मिसळून कोरड्या मडक्यात किंवा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतात. वर नाव आणि वर्ष लिहायला विसरू नये.

राहीबाईंनी काय केलं?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांना शाळेत जायला मिळालं नाही. पण त्यांनी वालासह अनेक भाज्या आणि धान्यांचं देशी बियाणं गोळा केलं, लावून वाढवलं आणि इतर बायकांना वाटलं. या कामात 'बाएफ' संस्थेची साथ मिळाली. बीबीसीच्या २०१८ च्या १०० महिलांच्या यादीत त्यांचं नाव होतं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 'बीजमाता' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहीबाईंच्या कामाचा पाया घराभोवतीची परसबाग आणि बियांची देवाणघेवाण हाच आहे.

ही देवाणघेवाण कायद्यातही मान्य आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं असावीत. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. परसबाग हा त्यावरचा एकमेव इलाज नाही. पण बाजार आठवड्यातून एकदाच भरतो अशा गावात दारात माठ, शेवगा आणि अळू असेल, तर ताटात रोज काहीतरी हिरवं पडतं. शिवाय पालेभाजी तोडल्यापासून तिच्यातलं क जीवनसत्त्व कमी होत जातं. दारातली भाजी तोडल्यावर दहा मिनिटांत कढईत जाते.

यंदा वेल लावणार असाल, तर एक गोष्ट आधीच ठरवून ठेवावी. बहरात आलेलं, निरोगी वेलावरचं एक चांगलं फळ खायचं नाही. त्याला चिंधी बांधून खूण करायची आणि वेलावरच पूर्ण वाळू द्यायचं. पुढच्या जूनमधली लागवड त्याच फळात असते.